सासूचं करणाऱ्या नोकरदार सुनेला पैसे मिळावेत काय? म्हातारी माणसं एकट्यात काय सांगतात ते लिहिते

आधी प्रश्न थोडक्यात सांगते, म्हणजे वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. बेळगावच्या एका ताई, वय ४१, पतसंस्थेत क्लार्क, नोकरीला सव्वाचार वर्षं झालीत, पगार १६ हजार. मिस्टर उद्यमबागला मशीन शॉपमध्ये, शिफ्ट ड्यूटी. सासूबाई ७४, पाच महिन्यांमागं लकवा मारला, डावी बाजू गेली, पण बोलतात नीट आणि उजवा हात चालतो. नणंद चंदगडला दिलीय, दीर पुण्यात आयटीत. सासूबाईंना कर्नाटक सरकारच्या संध्या सुरक्षा या म्हातारपणाच्या पेन्शनचे महिना १२०० आणि गृहलक्ष्मी योजनेचे २००० येतात, गृहलक्ष्मीचे रेशनकार्डावर यजमानी, म्हणजे घरच्या कर्त्या बाई, त्याच आहेत म्हणून. ताई विचारतायत, नोकरी सोडू का? आणि परदेशात घरच्या माणसाचं केलं तर पैसे मिळतात असं वाचून घरात नुसतं बोलले, तर सासूबाई म्हणाल्या "घरच्यांना कसले पैसे" आणि दोन दिवस बोलल्याच नाहीत, म्हाताऱ्या माणसांना हे पटतच नाही का?

ताई, मी २३ वर्षं घरोघरी जाऊन नर्सिंग करतेय, बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर, मधली गावं. तुमच्यासारखी घरं किती बघितली ते मोजलं नाही. पहिल्यांदा एवढंच सांगते की नोकरी आत्ता सोडू नका. सव्वाचार वर्षं झालीत म्हणता, ग्रॅच्युइटीला पाच वर्षं सलग लागतात, नऊ महिन्यांसाठी ती घालवायची नाही. आणि चाळिशीनंतर सुटलेली नोकरी आपल्या भागात परत त्याच पगारावर मिळत नाही, हे मी बायकांच्या बाबतीत इतक्यांदा बघितलंय की आता कोणी राजीनामा लिहिलाय म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो.

आता सासूबाईंच्या त्या दोन दिवसांच्या अबोल्याबद्दल. त्याचा अर्थ "पटत नाही" असा लगेच लावू नका. मी पण पहिली पाच-सात वर्षं हीच चूक केली. सगळं घर जमलेलं असताना, सून चहा घेऊन उभी असताना मी आजींना विचारायची, "आजी, सुनेची नोकरी बुडतेय, तिला काही मिळायला पाहिजे की नको?" आजी म्हणणार नको, दुसरं काय म्हणणार? सगळ्यांच्या देखत हो म्हटलं तर मुलगा कमी पडतोय असं कबूल केल्यासारखं होतं, सुनेला पैशासाठी करतेस म्हटल्यासारखं होतं, आणि आपण आता घरावर ओझं आहोत हे आपल्याच तोंडानं बोलल्यासारखं होतं. तीन तीन अपमान एका "हो" मध्ये. आता मी एकट्यात विचारते, पाय चोळताना नाहीतर हाताचा व्यायाम घेताना, आणि तेव्हा जे बाहेर येतंय ते अगदी वेगळं असतंय.

निपाणीतल्या एका आजींचं सांगते. सगळा जन्म बिड्या वळण्यात गेला, खुब्याचं हाड मोडून पडून होत्या, सून पण बिडीवालीच. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "मी माझ्या सासूचं फुकट केलो की. मांडीवर सूप ठिऊन केलो." मला वाटलं झालं, आता सुनेनंही फुकट करावं असं म्हणणार. पण त्या पुढं बोलत राहिल्या, नजर छताकडं आणि बोटं आपोआप चाललेली, पान कातरून जर्दा भरून वळायची ती हालचाल, हातात काही नसताना. "रोज हजार वळणारी बाई मी. सासू पडल्यावर सहाशे व्हायला लागल्या. दिवसाला चारशे बिड्या. दोन वर्षं. त्या चारशेचं मला कुणी इचारलं न्हाई. आता हिच्या पण चारशेच जायला लागल्यात, मी हितनं मोजतोय." पडल्या पडल्या त्या सुनेच्या सुपातल्या बिड्यांच्या कट्ट्या मोजत होत्या. हजारी मजुरीवर जगलेल्या बाईला बुडालेली मजुरी म्हणजे काय हे मी समजावून सांगायची गरजच नव्हती, तिला आपल्या कुणाहीपेक्षा जास्त कळत होतं. फक्त तिला "सेवेचे पैसे" हा शब्द नको होता. "बुडालेलं भरून मिळावं" म्हटलं की लगेच हो.

हा फरक ताई, नीट लक्षात घ्या, कारण माझ्या बघण्यात बहुतेक म्हाताऱ्या माणसांचं मत याच जागी बसलेलं असतंय. करण्याची किंमत लावलेली त्यांना चालत नाही. पण आपल्यामुळं पोरांचं बुडतंय ही गोष्ट त्यांना रात्री झोपू देत नाही. किती जणींनी मला सांगितलंय, "माझ्यापायी तिची नोकरी जायला नको, त्यापेक्षा देवानं उचलावं." हे कुठल्याही सुनेला त्या समोर सांगणार नाहीत.

पैसे कुणाकडून यावेत यावरही त्यांचं मत पक्कं असतंय. मुलाच्या खिशातून सुनेला द्यायचे म्हणजे एका खिशातलं दुसऱ्यात, त्याला काही अर्थ नाही असं म्हणतात आणि ते बरोबरच आहे. सरकारनं द्यावेत याला फार कमी जणांची ना असते, पेन्शन घेतातच की. आणि स्वतःच्या पैशातून स्वतःच्या हातानं द्यायला मिळालं तर सगळ्यात बरं वाटतं. हिंडलगा बाजूचे एक रिटायर्ड सुभेदार होते, मराठा लाइट इन्फंट्रीतले, पार्किन्सन झालेला. सून शाळेत शिकवायची, तिनं अर्धा दिवस करून घेतला होता. केंद्राच्या आणि फौजेच्या पेन्शनला ८० वर्षं पुरी झाली की २० टक्के वाढ मिळते, ८५ ला ३०, ९० ला ४० अशी चढत जाते. सुभेदारांना ८० झाल्यावर ती वाढ सुरू झाली आणि त्यांनी तेवढ्याच रकमेची पोस्टात सुनेच्या नावावर आरडी काढली. मी होते त्या दिवशी. गादीखालून पासबुक काढायला त्यांना पाच मिनिटं लागली, प्लास्टिकच्या कव्हरात घातलेलं, हात थरथरतोय, कव्हर परत परत चादरीत अडकतंय, मी हात पुढं केला तर डोळ्यांनीच थांब म्हणाले. मग सुनेला म्हणाले, "हा पगार न्हवे. तुझं बुडालंय ते भरून द्यालोय." मुलगा रागावला, घरात कसला व्यवहार म्हणाला, आठवडाभर धुसफूस झाली. सून मात्र त्यानंतर बदलली, म्हणजे आधीही चांगलंच करायची, पण तोंडावरचा तो सतत दमलेला भाव कमी झाला. कुणीतरी बघितलंय, मोजलंय, एवढं कळलं तिला.

परदेशाचं तुम्ही विचारलंत. तिकडं पण सगळं एकसारखं नाही. जर्मनीत १९९५ पासून काळजीचा वेगळा विमा आहे, त्यात घरचंच माणूस करत असेल तर महिन्याला रोख रक्कम मिळते. पण ती रक्कम मिळते पेशंटच्या हातात, सुनेच्या नाही, आणि मग पेशंट ती करणाऱ्याला देतो, म्हणजे आमच्या सुभेदारांनी केलं तसंच. शिवाय करणाऱ्या माणसाच्या पेन्शनचा हप्ता पण तो विमा भरतो, नोकरीचे तास आठवड्याला ३० च्या वर नसतील तर. ही मला सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वाटते, कारण आज बुडालेला पगार दिसतो, पण साठीनंतर बुडणारी पेन्शन कुणाला दिसत नाही. जपाननं २००० मध्ये असाच विमा आणला पण रोख पैसे मुद्दाम नाही दिले, फक्त सेवा, म्हणजे घरी येणारी बाई, डे सेंटर वगैरे. कारण तिथल्या बायकांच्या संघटनांनीच विरोध केला, रोख दिलं की सुनेला घरातच डांबतील म्हणून. नोकरदारांना तिथं ९३ दिवसांची रजा आहे आणि त्यात पगाराच्या ६७ टक्के मिळतात. अमेरिका एवढी श्रीमंत, पण तिथला १९९३ चा केंद्रीय कायदा १२ आठवड्यांची बिनपगारी रजा देतो, तीही ५० किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीत, आणि त्यात आईवडील बसतात, सासूसासरे बसत नाहीत. आपल्याकडं करणारी सूनच असते, हे तिकडच्या कायद्यात बसवलं तर तुमच्यासारखीला शून्य.

जपानवाल्या बायकांची भीती मी इथं खरी होताना बघते म्हणून सांगते. रोख पैसे सुरू झाले की "आता तुला मिळतंयच की, सोड ती नोकरी" असं घरातलेच म्हणतील. म्हणून माझं मत, थोडे पैसे आणि थोडी सेवा, दोन्ही पाहिजे.

सेवेचं म्हटलं तर म्हाताऱ्यांना कुठल्या कामाला बाहेरचं माणूस चालतं ते पण विचारायला पाहिजे, हे कुणीच विचारत नाही. आजीला अंघोळ घालायला परकी बाई आली की आजी लाजून आक्रसून जाते, तिथं लेक नाहीतर सूनच पाहिजे. उलट सासऱ्यांना सुनेनं डायपर बदललेला सहन होत नाही, मी अशा आजोबांना बघितलंय जे सून घरी असताना पाणीच पीत नाहीत, लघवीला लागू नये म्हणून, आणि मग इन्फेक्शन. तिथं पगारी पुरुष नाहीतर मुलगाच पाहिजे. कूस बदलायला, व्यायामाला, दुपारी सोबतीला बाहेरचं माणूस बहुतेकांना चालतं. तर पैसे खर्च करायचेच असतील तर तिथं करायचे. तुमच्या सासूबाईंना दर दोन तासांनी कूस बदलायला पाहिजे, बेडसोर, म्हणजे पडून पडून होणारी जखम, एकदा झाला की तो भरून काढायला महिने जातात. ती दुपारची चार-पाच तासांची बाई हेच तुमचं खरं कोडं आहे, अख्खी नोकरी नव्हे.

आता इथं आपल्याकडं काय मिळतं ते बघू. थोडंच आहे, पण जे आहे तेही लोक घेत नाहीत.

रजेचं सांगायचं तर खासगीत आईवडिलांसाठी म्हणून वेगळी रजा नाही. केंद्र सरकारच्या नोकरांना पण नाही, बायकांना मुलांसाठी ७३० दिवस आहेत, पण म्हाताऱ्यांसाठी २०२५ च्या जुलैत राज्यसभेत सांगितलं ते एवढंच की वर्षाची ३० दिवसांची अर्जित रजा, २० दिवस अर्धपगारी वगैरे आहे ती आईवडिलांसाठीही घेता येते. म्हणजे आहे तीच रजा.

मिस्टरांचं ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, आहे का बघा, पगार २१ हजारांपर्यंत असेल तर असणारच. त्यात अवलंबून असलेल्या आईचं नाव घालता येतं, तिचं स्वतःचं उत्पन्न महिना ९ हजारांच्या आत असलं की झालं, सासूबाईंचं आहेच. कितीतरी कामगार लग्न झाल्यावर बायकोमुलांची नावं घालतात आणि आईचं राहून जातं. औषधं, तपासण्या, ॲडमिट करणं, याचा मोठा खर्च तिथं वाचेल. फक्त ईएसआयचे आजारपणाचे पैसे, पगाराच्या ७० टक्के आणि ९१ दिवसांपर्यंत, ते मिस्टर स्वतः आजारी पडले तर. आई आजारी म्हणून घरी राहिले तर नाही.

२०१६ च्या दिव्यांग कायद्यात, जास्त आधार लागणाऱ्या माणसाला सांभाळणाऱ्यासाठी भत्ता द्यावा असं लिहिलंय. कर्नाटकानं २०२४-२५ च्या बजेटमध्ये महिना १००० रुपये जाहीर केले, पण सेरेब्रल पाल्सी, मस्क्युलर डिस्ट्रॉफी, पार्किन्सन आणि मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारांसाठी. लकवा त्यात नाही. हे मी एका आजोबांना सांगितलं तर म्हणाले, "हात पाय न्हाई चालत ते न्हाईच चालत, नाव कुठलं का असेना रोगाचं." मला याचं उत्तर देता आलं नाही. पण दिव्यांग सर्टिफिकेट आणि यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, मात्र काढून घ्या, उद्या यादी वाढली तर हातात कागद पाहिजे. ग्रामपंचायतीत पुनर्वसन कार्यकर्ता असतो, व्हीआरडब्ल्यू म्हणतात, तालुक्याला एमआरडब्ल्यू असतो, त्यांना गाठा, ते सिव्हिलची तारीख वगैरे सांगतील. फॉर्म कन्नडमधून असतात, तुम्हाला जमत नसेल तर ग्राम वन या सरकारी सेवा केंद्रात बसून भरा, नावाचं स्पेलिंग आधारप्रमाणं आहे का तेवढं स्वतः बघा. आपल्या मराठी आडनावांचा कन्नडमध्ये लिहिताना घोटाळा होतो आणि मग सहा महिने पेन्शन अडकते, हे मी दर वर्षी बघतेय.

पुण्याच्या दिरांबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीय, "ते येऊन जातात." त्यावरून कळलं सगळं. २००७ चा आईवडील आणि ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायदा आहे, त्यात मुलगा, मुलगी, सज्ञान नातवंडं यांच्यावर जबाबदारी आहे. सून त्या व्याख्येत नाही. प्रांतांकडं अर्ज जातो, महिना १० हजारांपर्यंत निर्वाह ठरवू शकतात. मी तुम्हाला अर्ज करा म्हणत नाही, सासूबाई मुलावर कधीच करणार नाहीत आणि शंभरातल्या नव्वद आया करणार नाहीत असं माझं मन सांगतं. पण दिरांना हे माहीत असू दे की कायद्यानं आधी त्यांचं नाव येतं आणि तुमचं येतच नाही. आणि गोडीनं सांगायचं तर एक रस्ता आहे. दिव्यांग सर्टिफिकेट ८० टक्के किंवा वरचं आलं आणि आईचा खर्च ते खरोखर उचलत असतील तर प्राप्तिकरात ८०डीडी म्हणून आपण ओळखतो ती १ लाख २५ हजारांची वजावट त्यांना मिळू शकते, ४० ते ८० मध्ये असेल तर ७५ हजारांची, जुन्या करपद्धतीत मात्र. त्यांनी दुपारच्या बाईचा पगार सरळ तिच्या खात्यात पाठवावा. तुमच्या हातात नको, तुमच्याकडं पैसे आले की उद्या हिशोब तुम्हालाच विचारतील.

नणंदेला पण सोडू नका, पैशाचं नाही म्हणत, दिवसाचं म्हणतेय. महिन्यातून चार दिवस आल्या तरी तुमचा श्वास मोकळा होतो. मला माहितीय सीमेची अडचण काय ते, चंदगडहून येताना लाल डब्यात बायकांना अर्धं तिकीट ते हद्दीपर्यंतच, आणि इकडं आपल्या शक्ती योजनेत फुकट बसायला कर्नाटकाचा पत्ता लागतो, तो त्यांच्याकडं नाही. आईला भेटायला येणाऱ्या लेकीला दोन्ही सरकारांत अर्धीच जागा. तेवढं भाडं सासूबाईंच्या पैशातून जाऊ दे, त्यांना आवडेल ते, लेकीला वाटखर्ची दिल्यासारखं वाटेल.

आणि आता ते ३२०० रुपये. गृहलक्ष्मी सुरू झाली २०२३ च्या ऑगस्टमध्ये, तेव्हा कार्डावर यजमानी कोण, सासू की सून, यावरून किती घरांत भांडणं लागली ती मी बघितलीत. काही सुनांनी वेगळं कार्ड काढायचं मनावर घेतलं. पण दुसरी बाजू मी बघितली ती अशी की आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या खात्यावर पैसे आले त्या आज्या दवाखान्यात ताठ बसायला लागल्या. तुमच्या घरी ते पैसे आत्ता कुठं जातायत, तुम्ही लिहिलं नाही. बहुतेक मिस्टर काढून आणतात आणि किराण्यात मिसळतात. तसं करू नका. हप्ते मागंपुढं होतात ते धरून चला, पण ते पैसे त्यांचे म्हणून वेगळे राहू देत.

बोलायचं कसं ते सांगते. सगळे जमले असताना नको. मिस्टर सेकंड शिफ्टला असतील त्या संध्याकाळी, केस विंचरताना बोला. "मला पैसे मिळावेत" असं सुरू करू नका. तुमचं काय बुडतंय ते त्यांच्या मापात सांगा, त्या काय करत होत्या आयुष्यभर, शेतात जात होत्या का, माग होता का घरात, म्हशी होत्या का? दुधाच्या लिटरात सांगा, रोजगाराच्या दिवसांत सांगा. या महिन्यात माझे सहा दिवस बिनपगारी गेले, एवढं झालं, म्हणून मला दुपारची बाई लावायची आहे, तुम्हाला कुठली बाई चालेल? निवड त्यांना करू दे. ओळखीतली, गल्लीतली, आपल्या भाषेत बोलणारी बाई त्या स्वतः सुचवतील बघा, आणि स्वतः सुचवलेल्या बाईला त्या त्रास देत नाहीत.

मग त्या ३२०० मधले काही त्या बाईच्या पगाराला द्यायचे म्हणतील. घ्या. नको नको करत बसू नका, तिथंच आपण चुकतो, आपला मोठेपणा दाखवायला त्यांचा मोठेपणा घालवतो. बाकीचे दीर आणि मिस्टर भागवतील. रात्रीची एक वेळची कूस मिस्टरांनी बदलायची, शिफ्ट असली तरी, मी असे फौंड्रीतले कामगार शिकवलेत, एका रविवारात शिकतात. चादर दुमडून ओढायची पद्धत आहे, कमरेला झटका बसत नाही, जवळच्या फिजिओकडून नाहीतर नर्सकडून एकदा बघून घ्या.

आणि बँकेतून पैसे काढायची स्लिप त्यांच्याकडूनच भरून घ्या. उजवा हात चालतो म्हणालात. अंगठा घेऊन मोकळं होऊ नका, पाटी द्या मांडीवर, उशी लावून बसवा, पाच मिनिटं लागली तरी सही त्यांचीच होऊ दे.